यंत्रात दोष नाही

२७ ऑक्टोबर, सोमवार

निवृत्त झाल्यापासून ही वही लिहितो, कारण गोंदियात बोलण्यासारखा माणूस उरलेला नाही. जे आहेत ते नुसते बोलतात, ऐकत कोणीच नाही.

आज चंद्रशेखर शेठचा फोन. "रहांगडाले सर, मशीन फिर नखरे कर रही है. आप ही आओ." शेठचं बालाघाट रोडवर लग्नाचं लॉन आहे. चार एकर हिरवळ, एका टोकाला स्टेज, दुसऱ्या टोकाला स्वयंपाकघर आणि फाटकावर सिमेंटचे दोन हत्ती. दोन्ही हत्ती तिरळे आहेत. कारागिराला सांगायची शेठची हिंमत झाली नाही की त्याला दिसलंच नाही, देव जाणे.

एवढं गवत कापायला त्यानं तीन वर्षांपूर्वी कुठल्याशा मैदानाच्या लिलावातून बसून चालवायची डिझेल मशीन उचलली. विलायती माल. इथं कोणाला झाकण उघडता येईना, तेव्हा मलाच बोलावलं होतं. मी अर्ध्या दिवसात मशीन उभी करून दिली. खुर्चीच्या पुढं, खाली, वजनाची एक मूठ असते. चालवणाऱ्याचं वजन जेवढं, तेवढ्या आकड्यावर ती लावायची, म्हणजे खुर्चीची स्प्रिंग त्याला नीट पेलते. हे त्या भैताडांना कुठून माहीत असणार? मी चालकाला, उदारामला, वजन विचारलं. "ऐंशी हाये जी," म्हणाला. मी आकडा सांगितला, त्यानं वाकून मूठ फिरवली. तेव्हा तो असा भरला गडी होता की खाली वाकताना त्याला दम लागला.

आता तक्रार अशी, की मशीन चालता चालता बंद पडते. चावी मारली की पुन्हा सुरू, थोडं गेलं की पुन्हा बंद. दिवाळीच्या आधीपासून हेच चालू आहे. पहिलं लग्न अठरा नोव्हेंबरला, आणि गवत घोट्याच्या वर. शेठच्या तोंडचं पाणी पळालं आहे. पळू दे.

२८ ऑक्टोबर

सकाळी नऊ ते दोन लॉनवर होतो. डिझेल फिल्टर साफ, पाइपमध्ये हवा नाही, टाकीत कचरा नाही. म्हणजे संशय एकाच पार्टवर, फ्यूल सोलेनॉइडवर.

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. ते बंद करायचं तर त्याचं डिझेलच तोडावं लागतं. त्यासाठी पंपावर हा अंगठ्याएवढा विजेचा पार्ट. चावी फिरवली की त्याला करंट मिळतो, आतला दांडा टक करून ओढला जातो, डिझेलची वाट उघडते. करंट गेला की स्प्रिंग दांडा परत ढकलते, वाट बंद, इंजिन बंद. इतकं साधं आहे. एकतीस वर्षं आयटीआयमध्ये हे शिकवलं, तिघांना कळलं असेल.

उदाराम त्याला 'टकटकी' म्हणतो.

"सर, टकटकी तं बोलून राहिली जी. रोज ऐकतो मी तिले."

म्हटलं, "टकटकी नाही, सोलेनॉइड म्हण."

"हो जी, सोलनाईट."

मी हात जोडले.

बॅटरी १२.६ व्होल्ट. सोलेनॉइडच्या टोकाशी १२.४. अर्थिंग पक्कं. चावी वीस वेळा चालू-बंद केली, वीसही वेळा टक. सगळे आकडे मागच्या पानावर लिहून ठेवले.

मी तपासत होतो तेवढ्या वेळात उदाराम पाच वेळा उठला. आधी माठाकडं, मग कडुनिंबामागं. माठ, कडुनिंब, माठ, कडुनिंब. काम न करण्याचे शंभर रस्ते असतात, पण याच्याएवढं पाणी पिऊन वेळ काढणारा मी दुसरा पाहिला नाही.

३० ऑक्टोबर

थंड असताना पार्ट ठीक चालतो, पण गरम झाला की आतली वायंडिंग तुटत असेल, असा विचार आला. विद्यार्थ्यांना सुचणार नाही असा विचार. उदारामला सांगून सोलेनॉइड काढून घरी मागवला, आणि चुलीवरच्या कढईत रेती टाकून त्यात पुरला. आमच्या घरी लाह्या फोडायची रेती असते तीच.

पुष्पा, म्हणजे माझी पत्नी, ओरडली. "काऊन जी, माह्या कढईत इंजिन शिजवता?"

"शिजवत नाही, तपासतो."

दर दहा मिनिटांनी चिमट्यानं बाहेर काढायचा, बॅटरी लावायची, टक. पुन्हा पुरायचा. दोन तासांत नऊ वेळा टक. बोटं पोळली, पण पार्ट निर्दोष निघाला. असली परीक्षा जिल्ह्यात कोणी घेतली असेल असं वाटत नाही.

उदाराम ओसरीवर बसून होता. पुष्पानं चहा दिला, तो त्यानं तसाच ठेवला आणि पाणी मागितलं. तांब्याभर प्यायला, मग आणखी एक. तो गेल्यावर पुष्पा म्हणाली, "किती वाळला जी तो! सदरा पाहा, खुंटीवर टांगल्यासारखा दिसते. दुखणं गिखणं हाये का त्याले?"

मी म्हणालो, "तुझं लक्ष माणसांकडं, माझं कामाकडं."

तिनं कढई घासायला घेतली.

१ नोव्हेंबर, शनिवार

पार्ट बसवला. उदारामला मशीनवर बसवून मी स्टेजच्या पायरीवर घड्याळ घेऊन बसलो.

चार मिनिटांनी बंद. सुरू. सहा मिनिटं, बंद. सुरू. दोन मिनिटं, बंद. हत्तीपासून स्टेजपर्यंतच्या एका फेरीत सात वेळा. आणि प्रत्येक वेळी हा उतरणार, माठाकडं जाणार, मग कडुनिंबामागं. रेघाही वाकड्या. पूर्वी हा दोरी लावल्यासारखं कापायचा, आता पट्टे साप गेल्यासारखे. म्हटलं, "डोळे घरी ठेवून आलास का?" तर म्हणे, "धुंदलं दिसून राहिलं जी, धुकं असन." नोव्हेंबरच्या लख्ख उन्हात धुकं!

मीही एकदा त्या झाडापर्यंत गेलो. तिथं काळ्या मुंग्यांची ही रांग, जमीन दिसेना. शेठला सांगितलं की लग्नातली मिठाई तिथं टाकतात, झाडून घ्या. शेठ म्हणाला, लग्नं तर अजून सुरूच झाली नाहीत सर. मग मागच्या मोसमातली असेल. स्वच्छतेच्या नावानं बोंब आहे इथं.

३ नोव्हेंबर

आता राहिला एकच पार्ट, खुर्चीखालचा स्विच. चालवणारा पडला किंवा उतरला तर पातं फिरत राहून कोणाचा पाय जाऊ नये, म्हणून हा स्विच असतो. खुर्चीवर माणूस आहे तोवर सोलेनॉइडला करंट, माणूस उठला की करंट बंद.

हातानं दाबून पाहिला, ठीक. मग पक्की परीक्षा. स्वयंपाकघराच्या कोठीतून धानाचे दोन कट्टे आणवले, चाळीस-चाळीस किलोचे, आणि खुर्चीवर एकावर एक ठेवले. दोरीनं बांधले. इंजिन सुरू केलं आणि पंखा लावून बसलो. अडीच तास! एकदाही बंद नाही. कट्टे हलले नाहीत, बोलले नाहीत, पाणी प्यायला उतरले नाहीत. उदारामपेक्षा धान बरं, असं मी शेठला म्हणालोही. शेठ पोट धरून हसला. उदाराम जवळच उभा होता. त्यालाही हसू आलं. मग तो खांबाला धरून खाली बसला.

यातून काय सिद्ध झालं? बॅटरी ठीक, वायर ठीक, सोलेनॉइड ठीक, स्विच ठीक.

४ नोव्हेंबर

आज मी स्वतः मशीन चालवली. माझं वजन अठ्ठ्याहत्तर, वय त्रेसष्ट, कंबर दुखते, तरी दोन फेऱ्या मारल्या. एकदाही बंद नाही. मग शेठ बसला. शेठ म्हणजे पंच्याण्णव किलोंचा ऐवज. तीन फेऱ्या मारल्या, वर एका हत्तीला ठोकरही दिली. तरी इंजिन बंद नाही. (हत्तीचा एक डोळा फुटला. आता निदान एकच तिरळा आहे.)

मग उदाराम बसला. तीन मिनिटं, बंद.

शेठ माझ्याकडं पाहू लागला, मी शेठकडं. दोघांच्याही मनात एकच आलं. मी विद्यार्थ्यांना कायम सांगायचो, सगळं तेच ठेवा, एकच गोष्ट बदला, दोष तिथंच सापडेल. इथं मशीन तीच, गवत तेच. बदलत होता तो फक्त माणूस.

५ नोव्हेंबर

आज लपून पाहिलं. स्टेजच्या मागं कापडाआड खुर्ची टाकून बसलो. चावी फिरवताना, वायर ओढताना त्याला रंगेहाथ पकडायचं होतं.

मशीन हत्तीपाशी वळली, उंचवट्यावर उडाली आणि बंद. उदारामचे दोन्ही हात स्टीअरिंगवर होते, हे मला कबूल करावं लागेल. पायानं काही करत असेल. बंद पडल्यावर तो लगेच उतरला नाही. कपाळ स्टीअरिंगवर टेकवलं आणि तसाच राहिला. मोजून चार मिनिटं. मग खुर्चीला धरून उतरला, एक पाय खाली ठेवला, थांबला, दुसरा ठेवला.

नाटक्या! याला मी ओळखतो. दरवर्षी दिवाळीनंतर गावच्या मंडईत, म्हणजे जत्रेत, नाटकात राजा व्हायचा, छाती काढून असा गरजायचा की शेवटच्या रांगेतल्या बायका पदर सावरायच्या. यंदा गेला नाही म्हणे. कशाला जाईल? इथंच फुकटात पाहायला आम्ही बसलो आहोत ना.

६ नोव्हेंबर, गुरुवार

शेठनं लेखी मागितलं. लिहून दिलं. मागच्या पानावरचे सगळे आकडे उतरवले, रेतीची परीक्षा, कट्ट्यांची परीक्षा, चालकनिहाय फेऱ्या. शेवटी निष्कर्ष, दोनच वाक्यं:

यंत्रात दोष नाही. दोष चालवणाऱ्यात आहे.

खाली सही, 'या. म. रहांगडाले, निवृत्त निदेशक, डिझेल मेकॅनिक'. असा रिपोर्ट हल्ली लिहिणारे राहिले नाहीत. फाफटपसारा नाही, आडपडदा नाही.

शेठनं उदारामला बोलावून वाचून दाखवला आणि खोली रिकामी करायला सांगितलं. तो लॉनवरच एका खोलीत राहतो, घर इटियाडोह धरणाकडं. मला वाटलं भांडेल, पाया पडेल. काहीच नाही. भिंतीला टेकून उभा होता. म्हणाला, "टकटकीले मी काई नाई केलं जी सर. पर तुमी म्हनता तं असन."

असन! निरपराध माणूस असा बोलतो का?

८ नोव्हेंबर

नवा चालक रामलाल. मान नाही, डोकं थेट खांद्यावर ठेवलेलं. अक्कलही जेमतेमच, पण सकाळी आठला बसला तो बारापर्यंत उठला नाही. मशीन एकदाही बंद पडली नाही. शेठनं माझ्या गळ्यात हात घातला. मी तो काढला.

घरी आलो तर पुष्पा भाजी घेऊन नुकतीच आली होती. "बसस्टँडवर उदाराम दिसला जी. मी तं ओळखलंच नाई त्याले. अर्धा झाला बाप्पा! बाकड्यावर झोपला होता, अन् श्वास असा घेऊन राहिला होता जसा धावून आला. मी आवाज दिला, तं डोळे उघडून पाहे अन् पुन्हा मिटे."

म्हटलं, "लाज वाटत असेल."

पुष्पानं भाजीची पिशवी तिथंच ठेवली आणि आत गेली. आज मला जेवण स्वतःच वाढून घ्यावं लागलं. तिचं काय बिनसलं, कळत नाही.

११ नोव्हेंबर, मंगळवार

आज जे झालं ते क्रमानं लिहितो.

रंजिता आली होती. माझी विद्यार्थिनी, ते तिघं म्हटले ना, त्यातली एक. आता राइस मिलमध्ये इलेक्ट्रिशियन आहे आणि लॉनच्या रोषणाईचं काम तिच्याकडं आहे. ती वायर ओढत होती. मी तिला मशीन दाखवायला नेलं. खरं सांगायचं तर रिपोर्ट दाखवायला नेलं. कॉपी खिशातच होती. तिनं वाचला. "वा सर," म्हणाली, पण 'वा' जरा लांबली.

म्हटलं, "बस आणि चालवून पाहा. कशी लोण्यासारखी चालते."

रंजिता बसली. किडकिडीत पोरगी. हत्तीच्या अलीकडं मशीन बंद पडली.

"मी काही नाही केलं, सर."

"पुन्हा कर."

पुन्हा सुरू केली. उंचवट्यावर पुन्हा बंद. तिसऱ्यांदा तर दहा पावलांत. रंजिता उतरली, गुडघ्यावर बसली आणि खुर्चीखाली पाहू लागली. मला उगीचच राग आला. म्हटलं, स्विच मी तपासला आहे, मला शिकवू नको.

"स्विच चांगला आहे, सर. मूठ ऐंशीवर आहे." ती खालूनच बोलली. "स्प्रिंग ऐंशी किलोला कसलेली आहे. मी अठ्ठेचाळीसची. खुर्ची खाली दबतच नाही. जरा धक्का बसला की स्विच सुटते, अन् सोलेनॉइड बंद."

मी कट्टा मागवला. एक कट्टा ठेवून रामलालला मशीन बाजूनं ढकलायला लावली. उंचवट्यावर इंजिन बंद. दोन कट्टे ठेवले, चालू राहिलं. मूठ ऐंशीवर माझ्याच सांगण्यावरून लागली होती. हे मी याच वहीत शेठचा फोन आला त्याच दिवशी लिहिलं आहे. लिहून विसरलो. आणि परीक्षेला कट्टे कोणी दोन सांगितले? मीच. एक का नाही सांगितला?

रंजिता म्हणाली, "पण सर, उदारामभाऊ तर ऐंशीचे होते ना?"

होता.

तिनं विचारलं, पाणी किती प्यायचा. मी सांगितलं. मग ती एकेक विचारत गेली आणि मी सांगत गेलो. माठ, कडुनिंब, मुंग्या, धुकं. सगळं मला पाठ होतं, वेळेसकट. इतकं बारीक मी पाहिलं होतं.

"शुगर आहे, सर," ती म्हणाली. "माझ्या बाबांना अशीच सुरू झाली होती. कुठं आहेत ते?"

मी म्हणालो, "काढून टाकलं." 'मी काढलं' असं म्हणायला हवं होतं.

१३ नोव्हेंबर

काल सकाळच्या बल्लारशाच्या गाडीनं अर्जुनीला उतरलो, तिथून ऑटोनं त्याचं गाव. धान कापणी चालू होती, घरं ओस पडली होती. उदारामच्या घरी त्याची बायको पार्वताबाई एकटीच होती, कापणीला गेली नव्हती. तो आतल्या खाटेवर. मी नाव घेतलं तरी डोळे उघडले नाहीत. श्वास खोल, भराभरा, आणि खोलीत पिकलेल्या सीताफळासारखा वास. मी विचारलं, फळं कुठं ठेवली आहेत? पार्वताबाई म्हणाली, "फळं कायची जी? तोंडातूनच येऊन राहिला वास."

असली अक्कल घेऊन मी एकतीस वर्षं खुर्चीवर बसलो.

दवाखान्यात का नेलं नाही, असं मी तिच्यावर खेकसलो. ती म्हणाली, "त्यायनं नाई म्हटलं. सायबानं लिहून देलं म्हने का दोष माह्यातच हाये. तं म्हने, कामचुकार मानसाले कोनता रोग?"

ती रागानं बोलली नाही. तो साहेब कोण, तिला माहीत नव्हतं. मी सांगितलं नाही. एकशे आठ नंबरला फोन केला, चाळीस मिनिटांत गाडी आली.

तालुक्याच्या दवाखान्यात नर्सनं बोट टोचून थेंब मीटरला लावला. आकडा येईना. आकड्याच्या जागी दोन इंग्रजी अक्षरं, एच आणि आय. मी म्हणालो, "सिस्टर, मशीन बिघडली आहे, दुसरी आणा." तिनं माझ्याकडं पाहिलंही नाही. "मशीन चांगली हाये काका. साखर मोजायच्या बाहेर गेली." दोन बाटल्या लावल्या आणि तिथूनच गोंदियाला पाठवलं. इथल्या डॉक्टरनं मला विचारलं, तुम्ही कोण? मी म्हणालो, ओळखीचा. डॉक्टर म्हणाला, आणखी एक दिवस गेला असता तर आणायची गरज पडली नसती.

१५ नोव्हेंबर

आज उदारामनं डोळे उघडले आणि ओळखलं. वॉर्डात वजन केलं, सत्तेचाळीस. म्हणजे तो एक कट्टा आणि वर सात किलो. दहा दिवस माझ्यासमोर हे चाललं होतं आणि मी रेतीत लोखंड भाजत बसलो होतो. गाढव तरी ओझं वाहतं, मी त्याही कामाचा नाही.

माफी मागायचं ठरवून गेलो होतो. वाक्य जुळवलं होतं, दोन ओळींचं, फाफटपसारा नसलेलं. स्टुलावर बसलो तर तोच आधी बोलला. आवाज इतका बारीक की वाकून ऐकावं लागलं.

"सर, तुमी बराबर लिवलं होतं जी. दोष माह्यातच निंगाला."

तो टोमणा मारत नव्हता. त्याला खरंच तसं वाटत होतं. रिपोर्ट लिहिणारा माणूस हुशार आहे, डॉक्टरच्या आधी ओळखलं, असं त्याला वाटत होतं. पार्वताबाईनं माझ्याकडं पाहिलं, आणि साहेब कोण ते तिला त्या वेळी कळलं. ती पदरानं नवऱ्याचं तोंड पुसत राहिली.

माझं वाक्य तोंडातच राहिलं. बाहेर येऊन दवाखान्याच्या पायरीवर बसलो आणि रडलो. एका रिक्षावाल्यानं विचारलं, कौन गया? म्हटलं, कोई नहीं गया, भाई.

१६ नोव्हेंबर

शेठकडं गेलो. उदारामला परत घ्या, म्हटलं. शेठनं कपाटातून माझा रिपोर्ट काढला. "सर, आपने ही तो लिखके दिया है. सही है, ठप्पा है. और रामलाल अच्छा चला रहा है."

मी दुसरा रिपोर्ट लिहून नेला होता. तो दिला. 'मूठ चुकीच्या वजनावर होती. तपासणाऱ्यानं यंत्र तपासलं, माणूस तपासला नाही. दोष तपासणाऱ्यात आहे.' शेठनं वाचला, घडी घातली, पहिल्याच्या खाली ठेवला. "आप बहुत दिल पे लेते हो." परवा लग्न आहे आणि याच्या डोक्यात फक्त गुलाबजाम.

मी पिशवीतून पाना काढला, मशीनपाशी गेलो आणि सोलेनॉइड काढून खिशात घातला. दोन मिनिटांचं काम. शेठ धावत आला, पोट पुढं, तो मागं. "ये क्या कर रहे हो, सर?"

"तपासायला नेतो. गरम झाल्यावर बिघडतो का ते पाहायचं आहे. वेळ लागेल."

"कितना वेळ?"

"उदाराम बरा होईस्तोवर. त्याची खोली तेवढी उघडून ठेवा."

गोंदियात दुसरा मिळणार नाही, नागपुरातही नाही. शेठला हे ठाऊक आहे, कारण मीच त्याला सांगितलं होतं. घरी येऊन खिशातला माल पुष्पासमोर ठेवला. तिनं हातात घेऊन पाहिला आणि म्हणाली, "हेच का ते टकटकी?"

"हो," म्हटलं, "टकटकी."

तिनं आज जेवण वाढलं.

१७ नोव्हेंबर

शेठचे अकरा फोन. बाराव्याला उचलला. त्यानं खोली उघडली, पार्वताबाईचं सामान आत ठेवलं, आणि नोकरी कायम असल्याचं रंजितासमोर कबूल केलं. तेव्हा टकटकी परत बसवून दिली. तोवर रामलाल चालवेल. त्याला लग्नानंतर स्टेजच्या मंडपात काम आहे, त्याची चिंता नाही.

१४ डिसेंबर, रविवार

आज उदाराम कामावर आला. पार्वताबाई सोबत होती, इन्सुलिनचा डबा तिच्या पिशवीत. सुई टोचायला ती दवाखान्यात शिकली. मी चार वेळा पाहूनही मला जमली नाही, हे इथं लिहून ठेवतो.

आधी त्याला स्वयंपाकघरातल्या काट्यावर उभं केलं, धान मोजायच्या. त्रेपन्न. चपला काढायला लावून पुन्हा मोजलं. साडेबावन्न.

मशीनवर बसला. मूठ खुर्चीच्या पुढं, खाली, अगदी चालवणाऱ्याच्या पावलांपाशी असते. तो सवयीनं वाकायला लागला. मी म्हटलं, तू बसून राहा. कंबर धरून गुडघे टेकले, आणि त्याच्या पायाजवळ डोकं घालून मूठ फिरवू लागलो. तीन वर्षांचा गंज होता, फिरेना. लॉनवर खुर्च्या मांडणारी माणसं काम सोडून पाहू लागली.

"उठा ना जी सर," उदाराम पाय आखडून घेत म्हणाला. "लोकं पाहून राहिले."

"पाहू दे. पाय हलवू नको."

ऐंशीवरून पंचावन्नवर यायला बराच वेळ लागला. मग मी खालूनच सांगितलं, चावी फिरव. टकटकी बोलली.